माहेरी आलेली इश्चेल

"जपान आहे, रशिया आहे, मग मधला मेक्सिको कुठे गेला?" सुनंदाने विचारलं.

जळगावच्या वाचनालयाच्या सभागृहात लांबलचक टेबलावर देशोदेशीच्या बाहुल्या मांडल्या होत्या. पंखा हातात घेतलेली जपानी बाहुली होती. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशी रशियन बाहुली होती. दोघींच्या मध्ये 'मेक्सिको' असं लिहिलेला पुठ्ठा उभा होता आणि पुठ्ठ्यामागे काहीच नव्हतं.

प्रेमचंद टेबलाखाली वाकून आला, खिडकीतही पाहून आला. सुनंदाचा नऊ वर्षांचा भाऊ पुना मात्र रशियन बाहुली उघडून एकेकीच्या पोटात डोकावत होता.

"तिथे काय बघतोस?"

"हिने गिळली असेल तर?" पुना म्हणाला. "हिचं पोट बघ ना केवढं आहे."

सुनंदाला हसू आलं नाही. एरवी ती हसली असती. यंदा अधिक महिन्यामुळे कोजागरी उशिरा आली होती, सहामाही परीक्षा आधीच आटोपली होती आणि दिवाळीची सुट्टी सुरू झाली होती. सुनंदा आणि पुना जवळच्या असोदा गावचे, तर सुनंदाच्या वर्गातला प्रेमचंद जळगावातलाच. तिघं मिळून नुसती मजा करणार होते. पण आज सुनंदावर एक काम होतं, आणि ते काम आता टेबलावरून नाहीसं झालं होतं.

त्या कामाचं नाव इश्चेल.

सुनंदाची कमलमावशी मक्याच्या वाणांवर संशोधन करायला मेक्सिकोत होती. तिथे एका खेड्यात ती फेलिपा नावाच्या म्हाताऱ्या सुईणीच्या घरी राहायची. त्या आजीकडे तिच्या आईने घडवलेली वीतभर उंचीची मातीची मूर्ती होती. ही इश्चेल, तिथल्या माया लोकांची चंद्राची देवी. लेकरंबाळं, बाळंतपण, विणकाम, सगळी खाती हिच्याकडेच. मांडीवर ससा, कारण चंद्रावरचा ससा जसा आपल्याला दिसतो तसा त्यांनाही दिसतो. मूर्ती आतून पोकळ होती आणि पोटात मातीचे मणी होते. बाळ जन्माला यायची वेळ झाली की फेलिपाआजी ती बाळंतिणीच्या उशाशी हळूच वाजवायची.

मावशीने एकदा आजीला आपल्या गुलाबाईची गोष्ट सांगितली. खानदेशात भाद्रपदाच्या पौर्णिमेला पार्वती गुलाबाई होऊन माहेरी येते, महिनाभर राहते, मुली रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात आणि कोजागरीला तिला निरोप देतात. आजीने सगळं मन लावून ऐकलं. मग तिने इश्चेल फडक्यात गुंडाळून मावशीच्या हातात ठेवली. "माझी ही पोर कधी माहेरपणाला गेली नाही," ती म्हणाली. "तुझ्या गावाला ने. पण पुढच्या महिन्यात माझी नात बाळंत होणार आहे. त्याच्या आत परत आण."

मावशीने शब्द दिला होता आणि इथे आल्यावर इश्चेल बाहुल्यांच्या प्रदर्शनात मांडायला दिली होती. उद्या सकाळच्या गाडीने ती मुंबईला निघणार होती आणि तिथून विमानाने थेट मेक्सिकोला. आज ती धुळ्याच्या शेतकी कॉलेजात व्याख्यान द्यायला गेली होती. जाताना सुनंदाला म्हणाली होती, "प्रदर्शन आज संपतं. इश्चेल ताब्यात घे आणि संध्याकाळी धुळ्याच्या एस.टी.वर मला गाठ. तुझ्यावर सोपवतेय हं."

"तोतारामभाऊंना विचारू," प्रेमचंद म्हणाला.

तोतारामभाऊ सभागृहाचे व्यवस्थापक. ते बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. चहाच्या वेळी त्यांच्याकडे आग लागल्याची बातमी आणली असती, तरी त्यांनी आधी बशी संपवली असती.

"असेल गं कुठेतरी," ते म्हणाले. "मातीची बाहुली ती. तिला काय पाय फुटलेत?"

"भाऊ, ती आजच हवीय. मावशी उद्या जाणार."

"मग सोमवारी समितीच्या बैठकीत विषय घेऊ. अध्यक्ष कोण, या प्रेमचंदचेच काका, मोहनलालशेठ. ते बाजारातून दुसरी आणून देतील. हाय काय नि नाय काय."

"सोमवारी मावशी विमानात असेल," सुनंदा म्हणाली. "आणि अशी दुसरी जळगावच्या बाजारात मिळत नाही."

"हल्लीची पोरं फार उलट बोलतात," असं भाऊंनी बशीला सांगितलं.

सुनंदा परत टेबलापाशी आली. रडत बसण्यात अर्थ नव्हता. तिने पुठ्ठ्याभोवतीची चादर नीट न्याहाळली. तिथे लाल ठिपके सांडले होते आणि झेंडूच्या दोन पाकळ्या पडल्या होत्या. तिने ठिपक्यावर बोट फिरवलं.

"कुंकू आहे हे," ती म्हणाली. "जपानसमोर नाही, रशियासमोर नाही, फक्त इथेच."

"म्हणजे चोराने आधी पूजा केली आणि मग चोरी केली?" पुना म्हणाला. "चांगला चोर आहे."

"चोर नाहीच," प्रेमचंद एकदम म्हणाला. "काल संध्याकाळी इथे गुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा होती. प्रत्येक आळीच्या मुली आपापली गुलाबाई घेऊन आल्या होत्या. मातीची बाई, मांडीवर बाळासारखं काहीतरी. कुणालाही वाटेल..."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. तिघंही पुन्हा तोतारामभाऊंसमोर जाऊन उभे राहिले.

"भाऊ, काल रात्री इथे कुणी गुलाबाई विसरून गेलं होतं का?"

"हो ना," भाऊ म्हणाले. "एवढी हौसेने आणतात आणि जाताना विसरतात. बिचारीला धड रंगही नव्हता. मी तिला हळदकुंकू वाहिलं आणि वनाआबाच्या गाडीवर चढवली. कोजागरीनंतर गुलाबाई राहू देऊ नये."

"ती टेबलावर होती ना? मेक्सिकोच्या पुठ्ठ्यामागे?"

भाऊंची बशी पहिल्यांदाच हवेत थांबली. "असेल. पुठ्ठे कोण वाचतं?"

वनाआबा मागच्या अंगणात आपली हातगाडी धूत होते. ते मूळचे धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. सुनंदाने विचारताच त्यांनी मान हलवली.

"व्हती ना, बेटा. बिनरंगनी व्हती. मी बठ्ठ्या गुलाबाया सुमनबाईकडे लयी गयू. ज्यास्ना रंग उडेल व्हता त्यास्ले बाईनी रातलेच रंग दिधा. आते त्या बठ्ठ्या मेहरुणना तलाववर गयात."

"सगळ्या तलावावर? कशाला?" पुनाने विचारलं.

"कशाले म्हंजे? आज कोजागरी शे. बुडावाले."

सुमनबाईंच्या महिला मंडळाने यंदा ठरवलं होतं की शहरातल्या सगळ्या गुलाबायांचं विसर्जन एकत्र, वाजतगाजत करायचं. इश्चेल भट्टीत भाजलेली होती, ती पाण्यात विरघळणार नव्हती. पण तलावाच्या गाळात एकदा गेली की ती पुन्हा कुणाला सापडणार?

"सायकली काढ," ती प्रेमचंदला म्हणाली.

पुना कॅरिअरवर बसला आणि दोन सायकली मेहरुणच्या रस्त्याने सुटल्या. चढावर सुनंदाला धाप लागली, तरी ती उतरली नाही. मागून पुनाने खाली उतरून ढकलायची तयारी दाखवली, पण ती "बस गुपचूप" म्हणाली आणि पायडल मारत राहिली.

तलावावर जत्राच भरली होती. काठावर टेबलं मांडून त्यांवर गुलाबाया बसवल्या होत्या. एक पाहावी आणि दुसरी झाकावी, इतक्या सारख्या. प्रत्येकीचा चेहरा गुलाबी, प्रत्येकीला चिंध्यांची साडी, डोक्यावर पदर, गळ्यात छातीपर्यंत झेंडूची माळ. परकर-पोलक्यातल्या आणि फ्रॉकमधल्या मुलींची ही गर्दी.

"यातली आपली कोणती?" प्रेमचंद हताश होऊन म्हणाला. "ससा शोधू या."

पण मांडीवरचे सगळे जीव गुलाबी रंगवून दुपट्यात गुंडाळलेले होते. पुनाने एका दुपट्याला हात लावला तसा त्याच्या हातावर चापट बसली.

"देवीला हात लावायचा नाही," सुमनबाई म्हणाल्या. त्यांच्या खांद्याला बिल्ला होता आणि कपाळावर आठ्या होत्या.

सुनंदाने एका दमात सगळं सांगितलं. मेक्सिको, मावशी, आजीची नात, उद्याची गाडी. सुमनबाईंनी अर्धं ऐकलं आणि अर्धं लाऊडस्पीकरने ऐकू दिलं नाही.

"हे बघ बाळ, माझ्याकडे आल्या त्या सगळ्या गुलाबाया. आता या सगळ्यांची साडी सोडायची आणि रंग खरवडायचा का? निघालेली देवी अशी थांबवत नाहीत. शिवाय मोहनलालशेठ पाहुणे म्हणून आलेत. फोटोग्राफर खोळंबलाय. व्हा बाजूला."

तिघं बाजूला झाले. पुनाचे डोळे भरून आले. सुनंदाचेही भरत होते, पण तिने ते भरू दिले नाहीत.

"बघून ओळखता येणार नाही," ती म्हणाली. "मग ऐकून ओळखू. तिच्या पोटात मणी आहेत. बाकी एकीच्याही पोटात नसणार."

"पण सगळ्या हलवू कोण देईल?" प्रेमचंद म्हणाला. "एकीला हात लावला तर पुनाला चापट बसली."

सुनंदाने त्या मुलींकडे पाहिलं. महिनाभर यांनी रोज संध्याकाळी काय केलं होतं? गाणी झाली की जिच्या घरी गुलाबाई तिची आई झाकलेला डबा आणायची. तो डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची. दाणे की फुटाणे, खारं की गोड. नुसत्या आवाजावरून शेव आणि चिवडा यांतला फरक सांगणाऱ्या शे-दोनशे पोरी इथे उभ्या होत्या.

"आपल्याला कुणाची परवानगी नकोय," सुनंदा म्हणाली. "फक्त माईक हवाय. प्रेम, तो तुला मिळेल."

"मला कसा?"

"तुझ्या काकांचं स्वागत करायचंय असं सांग."

प्रेमचंद शर्ट खोचून सुमनबाईंकडे गेला. शेठजींच्या पुतण्याला शेठजींचं स्वागत करायचं आहे, हे ऐकून बाईंच्या आठ्या मावळल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने माईक दिला. प्रेमचंदने घसा साफ केला, "आदरणीय काकासाहेब आणि जमलेल्या भगिनींनो," एवढं म्हटलं आणि माईक सुनंदाच्या हातात ठेवला.

"मैत्रिणींनो," सुनंदा म्हणाली. "गुलाबाई महिनाभर आपल्याकडे होती. आपण रोज तिची खिरापत ओळखली. जाता जाता तिची शेवटची खिरापत ओळखायची आहे. आपापली गुलाबाई उचला. कानाशी धरा. हळूच हलवा. जिच्या पोटात खुळखुळेल, ती जिंकली."

आणि तिने तिथल्या तिथे जुळवून म्हणायला सुरुवात केली:

"कानाशी धरा गं, हलवून बघा गं,
गुलाबाईच्या पोटी काय ते सांगा गं!"

मुलींना आणखी काय हवं होतं? त्यांनी चाल लगेच उचलली आणि टाळ्यांचा ठेका धरला. सुमनबाई "अगं, हे काय, कार्यक्रमात नाही हे," म्हणत पुढे झाल्या, पण खिरापत ओळखू नका असं गुलाबाईसमोर कोण म्हणणार? त्यांच्या स्वतःच्या लेकीने तोवर मूर्ती उचलून कानाला लावली होती.

"आता गाणं बंद," सुनंदाने सांगितलं. "सगळ्यांनी ऐका."

काठावर शांतता पसरली. एकेक मुलगी मूर्ती हलवायची आणि मान हलवायची. "माझी मुकी." "माझीपण." "माझ्यात काही नाही." पहिलं टेबल संपलं, दुसरं संपलं. शेवटच्या टेबलावरची शेवटची गुलाबाई एका छोट्या मुलीने दोनदा हलवली आणि तिने सुनंदाकडे पाहून ओठ काढले.

एकीतही आवाज नव्हता.

"मग आधीच बुडवली का?" पुना रडवेल्या आवाजात म्हणाला.

"अजून विसर्जन सुरूच झालेलं नाही," सुनंदा म्हणाली. "पहिली मूर्ती पाहुण्यांच्या हातून जायची आहे." असं म्हणता म्हणता तिने पाण्याकडे पाहिलं.

मोहनलालशेठ धोतर सावरून घोटाभर पाण्यात उभे होते. मंडळाने त्यांना सगळ्यांत नवी, सगळ्यांत चकचकीत रंगाची गुलाबाई दिली होती. त्यांचं तोंड फोटोग्राफरकडे होतं आणि मूर्ती पाण्यावर धरलेली होती.

सुनंदाच्या आधी प्रेमचंद धावला. तो चपलांसकट पाण्यात शिरला.

"काका, ही एकदा हलवा."

"प्रेम, फोटो चाललाय. बाहेर हो."

प्रेमचंद घरात काकांसमोर मान वर करून कधी बोलला नव्हता. काका हिशेबाला बसले की तो खोलीच्या दारातून मागे फिरायचा. आता त्याने दोन्ही हातांनी मूर्ती धरली.

"नाही होणार. आधी हलवा."

"सोड ती. एवढ्या लोकांसमोर तमाशा करतोस?"

"करतोय," प्रेमचंद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुमच्याच प्रदर्शनातून हरवलीय ती. तुम्ही अध्यक्ष आहात."

काकांनी रागाने मूर्ती त्याच्या हातून हिसकली. त्या हिसक्यासरशी सगळ्या काठाला स्पष्ट ऐकू आलं. खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ.

शे-दोनशे मुली एका सुरात ओरडल्या, "खिरापत!"

मोहनलालशेठ मूर्तीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती स्वतःच, सावकाश, पुन्हा कानाशी नेऊन हलवली आणि पाण्याबाहेर येऊन सुनंदाच्या ओंजळीत ठेवली.

सुनंदाने दुपटं सोडलं. आत गुलाबी रंगाचं बाळ होतं, आणि बाळाच्या डोक्यावर दोन लांब कान मागे दुमडलेले होते.

"अगं बाई," सुमनबाई म्हणाल्या. "मला वाटलं टोपड्याचे बंद आहेत. मी म्हटलं, कुंभाराने केवढे लांब केलेत."

त्या वाईट नव्हत्या, फक्त घाईत होत्या. चूक दिसल्यावर मात्र त्यांनी कमरेला पदर खोचला. दिवाबत्तीवाल्याकडून रॉकेल मागून घेतलं, मऊ फडकं घेतलं आणि आधी इश्चेलचा चेहरा, मग ससा हलक्या हाताने पुसला. खालची तपकिरी माती दिसू लागली, तसं मुलींचं कोंडाळं जवळ आलं. कुणीतरी तिलाही कुंकू लावलं, आणि यावेळी जाणून लावलं.

"एस.टी. यायची वेळ झाली," सुनंदा म्हणाली.

"जीपमध्ये बसा," मोहनलालशेठ म्हणाले. "सुमनबाई, तुम्हीपण चला. तोतारामला वाटेत घेऊ. जी गोष्ट हरवली ती आपण सगळ्यांनी मिळून द्यायला हवी."

धुळ्याची गाडी फलाटाला लागली तेव्हा समोर पूर्वेला मोठा पिवळा चंद्र वर येत होता. कमलमावशी पिशवी सावरत उतरली आणि थबकली. एकट्या सुनंदाऐवजी तिला घ्यायला अख्खी वरात आली होती. ओल्या धोतरातले शेठजी, रॉकेलचा वास येणाऱ्या सुमनबाई, मान खाली घातलेले तोतारामभाऊ, चिखलात बरबटलेला प्रेमचंद आणि केळं खाणारा पुना. मध्ये सुनंदा होती, आणि तिच्या हातात साडी नेसलेली इश्चेल होती.

सुनंदाने सगळं सांगितलं, काही न लपवता. पुना मध्ये मध्ये भर घालत होता. मावशीचा चेहरा मेक्सिकोच्या पुठ्ठ्यापाशी पांढरा पडला होता, तो तलावावरच्या शांततेपर्यंत तसाच राहिला. खुळखुळ ऐकू आली तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"चूक आमची," मोहनलालशेठ म्हणाले. "आम्ही मोठ्यांनी कुणी पुठ्ठासुद्धा वाचला नाही. हा माझा पुतण्या आज मला भर पाण्यात आडवा आला म्हणून माझ्या हातून पाप टळलं." त्यांनी प्रेमचंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. तोतारामभाऊंनी मात्र सुनंदाला खालच्या आवाजात विचारलं, "बेटा, रागावली नाहीस ना?" आणि तिने 'नाही' अशी मान हलवली.

"चेहरा स्वच्छ केलाय, ताई," सुमनबाई घाईघाईने म्हणाल्या. "फक्त हात राहिलेत. बाकी गुलाबायांसारख्या मी हिलाही हिरव्या बांगड्या रंगवल्या होत्या. रॉकेल आणलंय, आत्ता पुसते."

मावशीने मूर्ती हातात घेतली. मातीच्या दोन्ही मनगटांवर बारीक हिरव्या रेघा होत्या. तिने सुमनबाईंचं फडकं हळूच बाजूला केलं.

"राहू द्या त्या," ती म्हणाली. "माहेराहून निघालेल्या लेकीला भुंड्या हातांनी कुणी पाठवतं का?"

मग ती सुनंदाकडे वळली. "फेलिपाआजी बांगड्या बघून विचारेल, काय काय झालं म्हणून. तिला सांगेन, तुझी पोर माहेरी हरवली होती. पण तिथे तिच्या एवढ्या बहिणी होत्या की नुसत्या आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं. आणि त्या बहिणींना हाक मारणारी माझी भाची होती."

दिवसभर सुनंदाने जे अडवून धरलं होतं ते आता अडेना. ती मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "रडू दे तिला," पुना सगळ्यांना समजावून सांगत होता. "मुलगी सासरी निघाली की रडायचंच असतं." एवढं सांगता सांगता त्याच्याही घशात केळं अडकलं.